चाकणची गाडी ज्या बंदरातून परदेशात जाते, त्या बंदराचं आपल्या शहराशी नातं काय असतं?

खंडेनवमीला पिंपरी-चिंचवडच्या कित्येक कंपन्यांत घरच्या माणसांना आत सोडतात. बाबा ज्या मशीनवर काम करतात तिला झेंडूचा हार घातलेला असतो, सगळीकडे हळदी-कुंकू आणि पेढे. एरवी वर्षभर फक्त गेट पाहिलेल्या पोरांना त्या दिवशी आतली कंपनी दिसते.

पण इथे बनलेला माल पुढे जिथून बोटीत चढतो, ती जागा आपल्यापैकी किती जणांनी पाहिलीय?

चाकणमध्ये तयार झालेल्या फोक्सवॅगनच्या गाड्या मेक्सिकोला गेल्या त्या मुंबई बंदरातून. कंटेनरमधला माल जातो उरणजवळच्या न्हावा-शेवाला, म्हणजे जेएनपीएला. आपल्या पट्ट्याला समुद्र नाही, पण बंदरं दोन आहेत. आणि दोन्हीकडे परवानगीशिवाय आत जाता येत नाही. कस्टम्स, सुरक्षा, क्रेन, ट्रेलर, कारणं रास्तच आहेत. मग अशा बंद गेटाच्या बंदराचं भोवतालच्या माणसांशी नातं कसं राहतं?

जर्मनीतल्या हॅम्बुर्गने यावर एक सोपा उपाय काढलाय. ते दरवर्षी मे महिन्यात बंदराचा वाढदिवस करतात. तारीख धरतात 7 मे 1189. जहाजांची परेड, गाणी, खाणं-पिणं आणि तोबा गर्दी. आपल्याकडे 5 एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो. 1919 साली याच तारखेला एस. एस. लॉयल्टी हे भारतीय कंपनीचं जहाज मुंबईहून लंडनला निघालं होतं. पण हा दिवस बंदरात काम करणाऱ्यांच्या बाहेर फारसा कुणाला माहीत नसतो.

म्हणून मुंबई आणि तिचं बंदर वेगळं आहे असं मात्र नाही. बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्थापना 1873 ची. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, 1914 ला सुरू झाला. तो खणताना निघालेली माती आणि दगड समुद्रात टाकून भराव घातला, आणि त्या भरावावर साधारण 22 एकरांचं बॅलार्ड इस्टेट उभं राहिलं. इमारतींचा आराखडा जॉर्ज विटेटचा, ज्याने गेटवे ऑफ इंडियाही केला. आज तिथे फोटो काढायला जाणाऱ्यांच्या पायाखाली गोदीचीच माती आहे.

याच बंदराने शहराला जखमही दिली. 14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया डॉकमध्ये एस. एस. फोर्ट स्टिकिन हे जहाज उभं होतं. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं, सोबत कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. कापसाने पेट घेतला आणि दुपारी चारनंतर दोन महाभयंकर स्फोट झाले. शेकडो माणसं गेली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान त्यात होते. देशभरात 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. बंदर आणि शहर मिळून पाळतात असा सगळ्यात खरा दिवस हाच म्हणावा लागेल, आणि तो शोकाचा आहे.

आता जरा अलीकडे येऊ. कुलाब्याचा ससून डॉक 1875 चा. पहाटे मासळीचा लिलाव, कोळणींची लगबग, बर्फाच्या गाड्या. उरलेली मुंबई नाकाला रुमाल लावून तिथून पुढे जायची. 2017 च्या अखेरीस स्टार्ट इंडिया फाउंडेशनने बंदराच्या साथीने तिथे कलाप्रदर्शन भरवलं. जुन्या गोदामांत चित्रं लागली, भिंतींवर इथल्याच कोळी लोकांचे मोठाले चेहरे आले आणि तरुण मंडळी रांगा लावून ससून डॉकला आली.

इन्स्टाग्रामवर फोटो भरपूर पडले. पण अशा प्रयोगाचं माप फोटोंवरून काढू नये. रंग उडाल्यावर लिलावाची जागा, बर्फ, पाणी, संडास आणि तिथे धंदा करायचा हक्क यांचं काय झालं, हे कोळणींना विचारावं.

कारण आधी हक्क मिटला नाही तर पुढचे कार्यक्रम फोल ठरतात. याचं उदाहरण उरणमध्येच आहे. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीचा लढा पेटला. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व त्या लढ्यातून आलं. न्हावा-शेवा बंदर 1989 ला सुरू झालं. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्क्यांची कागदपत्रं पंतप्रधानांच्या हस्ते मिळाली ती ऑगस्ट 2014 मध्ये. म्हणजे बंदर सुरू झाल्यावर 25 वर्षांनी, आणि तीसुद्धा कागदपत्रंच! तोवर ज्यांची शेतं आणि मिठागरं गेली त्यातले कित्येक जण हयातही नव्हते.

2021 च्या मेजर पोर्ट ऑथॉरिटीज कायद्याने बंदरांना शिक्षण, आरोग्य, घरं, कौशल्य प्रशिक्षण, करमणूक अशा सामाजिक कामांवर पैसा खर्च करायची मुभा दिलीय. मुभा, सक्ती नव्हे. मुंबई बंदराच्या हातात तर पूर्व किनाऱ्यावरची सुमारे 1,800 एकर जमीन आहे. तिथे बागा होणार, घरं होणार की टॉवर, यावर वर्षानुवर्षं वाद चाललाय. भित्तिचित्रांपेक्षा हा विषय कितीतरी मोठा आहे.

बाकी बंदर नुसतं पाहायचंच असेल तर पासची गरज नाही. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजे भाऊ, यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाऊच्या धक्क्यावर जायचं आणि उरणच्या मोरा बंदराची लाँच पकडायची. मागे मुंबईच्या गोद्या लहान होत जातात, मध्ये नांगर टाकून थांबलेली जहाजं लागतात, आणि पलीकडे न्हावा-शेवाच्या क्रेन दिसायला लागतात. त्यांच्याखालच्या एखाद्या कंटेनरमध्ये आपल्या भोसरीचा माल असू शकतो.