खानदेशी काळा रस्सा

अकबराने 1601 साली असीरगड घेऊन फारुकी राजवट संपविली, हे आपण शाळेत शिकलो; काळ्या रश्श्याचा इतिहास मात्र कोणी शिकविला नाही. जिच्यावाचून जळगाव-धुळ्याकडे बोकडाचे मटण शिजत नाही, ती मिरची अमेरिकेची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. काळेपणा निखाऱ्यावर भाजलेल्या कांद्याखोबऱ्याचा. शंभर ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे 20 ग्रॅम प्रथिने, शिवाय लोह. पण आमच्या घरी फोडी पुरुषांच्या ताटात पडत. लोहाची गरज जिला अधिक, तिच्या वाट्यास कळण्याची भाकरी नि रस्सा उरे. रस्सा पातळ का, याचे उत्तर आम्हांस तेथेच सापडते. माणसे फार, मांस थोडे. आणि पाट्यावर मसाला वाटीत असे तीच!