सुलैबियातली माणसं कोणत्या रकान्यात?

कुवेतमध्ये वाढला असाल, तर सुलैबिया तुम्ही बहुधा गाडीच्या काचेतूनच पाहिलं असेल. आपली मंडळी सालमिया, अब्बासिया, मंगाफ या बाजूंना. सुलैबिया माहीत असतं ते फार तर तिथल्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या प्रचंड प्रकल्पामुळे. पण डेटा सायन्सच्या पदवीला जायचं मनात असेल, तर या वस्तीची गोष्ट आधी ऐका.

इथल्या सरकारी स्वस्त घरांत ‘बिदून’ लोक राहतात. बिदून म्हणजे ‘शिवाय’, म्हणजेच नागरिकत्वाशिवाय. १९५९ साली नागरिकत्वाचा कायदा आला तेव्हा अनेकांची नोंद झालीच नाही. कुणी वाळवंटात फिरतं होतं, कुणाला लिहिता-वाचता येत नव्हतं, कुणाला त्या कागदाचं महत्त्वच वाटलं नाही. पुष्कळ जण शेजारच्या देशांतून आले, असं सरकार म्हणतं. काही असो, सैन्यात आणि पोलिसात त्यांचा भरणा मोठा होता, आणि लोकसंख्येच्या सरकारी तक्त्यांत ते कित्येक वर्षं कुवेतीच धरले जात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना त्या रकान्यातून काढलं. माणसं तीच, घरं तीच. त्याच सुमारास सरकारी शाळांची आणि कुवेत विद्यापीठाची दारं त्यांना बंद झाली. पुढे विद्यापीठात जागा मिळाल्या, त्या मोजक्याच.

‘हे तिकडेच चालतं, आपल्याकडे नाही’ असं वाटत असेल, तर पुण्यातलं एक जुनं भांडण सांगतो.

१९७१ साली गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या गरिबीवर अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० कॅलरी ही त्यांची रेघ. १९६०-६१ च्या खर्चाचे आकडे तिला लावल्यावर खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली निघाले.

याला आव्हान दिलं पां. वा. सुखात्म्यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, लंडनला संख्याशास्त्र शिकलेले, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख राहून पुण्यात परतलेले. त्यांचं म्हणणं असं : एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते, शरीर स्वतःला जुळवून घेतं. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी नव्हे. रेघ सरासरीवर नको, तिच्याखाली दोन प्रमाण विचलनांवर ओढा. रेघ खाली आली की उपाशी माणसांची संख्याही झपकन खाली येते. ताटातला घास मात्र वाढत नाही!

दांडेकर गप्प बसणारे नव्हते. १९८० च्या दशकात वाद चांगलाच पेटला. गरीब माणूस कमी खातो तो शरीर जुळवून घेतं म्हणून नव्हे, पैसे नसतात म्हणून, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा मला जास्त पटतो. पण स्वच्छ पाणी नसेल तर खाल्लेलंही अंगी लागत नाही, हा सुखात्म्यांचा आग्रह कुणी मोडीत काढू नये. आणि लक्षात घ्या, या वादात गणित कुणाचंच कच्चं नव्हतं. भांडण होतं ते रेघ कुठे ओढायची यावर.

आता तुमच्या पदवीकडे या. पायथन, रेषीय बीजगणित, मशीन लर्निंग, हे सगळं हवंच. त्याशिवाय पुढे सरकता येत नाही. पण वर्गात हाती येणाऱ्या फाइलमध्ये रकाने आधीच आखलेले असतात. सुखात्म्यांनी ज्या नमुना पाहणीवर अख्खं पुस्तक लिहिलं, ती काही अभ्यासक्रमांत ऐच्छिक असते, काहींत मुळीच नसते. कुणाला मोजायचं, कुणाकडे प्रश्नावली पोचलीच नाही, रकान्याला नाव कुणी दिलं, हे सगळं त्या विषयात येतं. फी भरण्याआधी विषयांची यादी मागवा आणि तो कुठल्या सत्रात आहे ते विचारून घ्या.