पोकळी, आकाश आणि रिकामा हात

जपानमध्ये टॅक्सीच्या काचेमागे 'कूशा' हा शब्द दिसला, की गाडी रिकामी आहे असे समजावे. विमानतळ म्हणजे 'कूको' आणि हवा म्हणजे 'कूकी'. तिन्ही शब्दांतले 'कू' हे चिन्ह एकच. तेच 'सोरा' असे वाचले की आकाश, 'कारा' वाचले की रिकामे, 'आकू' वाचले की जागा वा वेळ मोकळा होणे. पोटाविषयी 'सुकू' म्हटले, की भूक लागली. चीनमधून लिपी आली तेव्हा तिच्यासोबत चिनी उच्चार आले, आणि जपान्यांनी आपले मूळचे शब्दही त्याच चिन्हांवर बसवले. त्यामुळे ही गर्दी.

शब्दकोश उशाशी घेऊन घरीच जपानी शिकताना हे चिन्ह मला प्रथम भेटले ते बौद्ध ग्रंथांत. संस्कृत 'शून्य' आणि 'शून्यता' यांसाठी चिनी भाषांतरकारांनी तेच योजले. ४०१ मध्ये चांगआनला आलेल्या कुमारजीवाने ते वापरले, सातव्या शतकात ह्युएनत्संगानेही. तेव्हा मी वहीत ठामपणे लिहिले : पोकळी, रिकामेपण आणि आकाश यांची सांगड ही भारताची देणगी. व्याख्यानांतूनही मी हेच सांगत आलो.

ते चूक होते. शू शेन याने इ. स. १००च्या सुमारास सिद्ध केलेल्या चिनी कोशात या चिन्हाची फोड आहे. वर गुहेची खूण, खाली केवळ उच्चार सुचवणारा भाग. अर्थ दिला आहे छिद्र. बौद्ध सूत्रांचा आरंभीचा भाषांतरकार आन शिगाओ लोयांगला पोहोचला तो १४८ मध्ये. म्हणजे पोकळीचा अर्थ आधीपासून तिथे होता. भाषांतरकारांनी 'शून्य' त्यात ठेवले, एवढेच.

आपल्याकडे संस्कृत 'ख' पाहा. छिद्र, आकाश आणि गणितातले शून्य हे तिन्ही त्याचे अर्थ. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटले, त्यातला 'ख' तोच. आणि मराठीत 'अवकाश' म्हणजे अंतराळही आणि मोकळा वेळही. एका भाषेने दुसरीकडून उसने न घेताही अर्थ अशी सारखी वाट चालतात.

याउलट उदाहरण कराटेचे. ओकिनावात त्यातला 'कारा' चीनवाचक चिन्हाने लिहीत. १९०५ मध्ये हानाशिरो चोमो यांनी त्याऐवजी आपले हे चिन्ह लिहिले. पुढे फुनाकोशी गिचिन यांनी त्याला प्रज्ञापारमिताहृदयातल्या शून्यतेचा आधार दिला आणि १९३६ मध्ये नाहा येथील गुरूंच्या बैठकीत ते मान्य झाले. उच्चार तोच राहिला. 'चिनी हात' मात्र 'रिकामा हात' झाला. जपान-चीन वैराच्या त्या काळात चीनचे ऋण अक्षरातून पुसले गेले.

तिथे खरे ऋण पुसले गेले, इथे मी नसलेले ऋण मांडत होतो. वहीतली ती ओळ आता खोडली आहे. तिच्याखाली लिहिले आहे : चिन्ह चीनचे, 'सोरा' आणि 'कारा' जपानचे, भारताची फक्त शून्यता.