मंत्र्यावर आरोप केले म्हणून तुरुंगवास? बदनामीचा कायदा नेमकं काय सांगतो

सप्टेंबर १९९८. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे समाजसेवक अण्णा हजारे यांची रवानगी येरवडा तुरुंगात झाली. युती सरकारमधले तत्कालीन समाजकल्याण मंत्री बबनराव घोलप यांच्यावर त्यांनी भ्रष्टाचाराचे आरोप केले होते. घोलप यांनी बदनामीचा खटला दाखल केला आणि मुंबईच्या न्यायालयाने हजारे यांना ३ महिन्यांची साधी कैद सुनावली. लोकांमधून विरोध वाढल्यावर सरकारने मुदतीआधीच त्यांची सुटका केली.

पण घटनेने भाषणस्वातंत्र्य दिलेलं असताना आरोप केल्याबद्दल कैद कशी होते?

घटनेत काय आहे?

कलम १९(१)(अ) भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं. कलम १९(२) त्यावर 'वाजवी निर्बंध' घालण्याची मुभा सरकारला देतं. राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, न्यायालयाचा अवमान अशा ठरावीक कारणांसाठीच हे निर्बंध घालता येतात. बदनामी हे त्यातलंच एक कारण.

शिक्षा किती?

पूर्वी भारतीय दंड विधानाची कलमं ४९९ आणि ५०० लागू होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागू आहे. २ वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायम आहे. समाजसेवेच्या शिक्षेचा पर्याय नव्याने आला आहे. बदनामी हा गुन्हा असूच नये, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी खटल्यात फेटाळली.

खरं बोललं तरी गुन्हा?

इथेच अनेकांची गल्लत होते. आरोप खरा असणं एवढंच पुरत नाही, तो लोकहितासाठी केलेला असावा लागतो. आणि या दोन्ही गोष्टी सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते.

मात्र कायद्यात अपवादही आहेत. लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल सद्‌भावनेने व्यक्त केलेलं मत ही बदनामी नाही. अधिकार असलेल्या वरिष्ठांकडे सद्‌भावनेने केलेली तक्रारही नाही. म्हणजे गावातल्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करणं वेगळं आणि 'सरपंचाने पैसे खाल्ले' असं पुराव्याशिवाय व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं वेगळं. दुसऱ्याचा मेसेज फक्त पुढे पाठवला, म्हणून जबाबदारी टळेलच असं नाही.

मग सामान्य माणसाने काय करायचं?

पुरावा बहुतेक वेळा सरकारी फाइलमध्येच असतो. त्यामुळे भाषणस्वातंत्र्याचं कागदपत्रांशी थेट नातं आहे. २००५ मध्ये केंद्राचा माहिती अधिकार कायदा आला. त्याआधी महाराष्ट्रात अशा कायद्यासाठी झालेल्या आंदोलनात हजारेच पुढे होते. आज ग्रामपंचायतीच्या कामाची बिलं, मोजमाप पुस्तिका आणि ठरावांच्या प्रती कोणताही नागरिक अर्ज करून मागू शकतो. आधी कागद हातात घ्या, मग बोला. न्यायालयात तोच कामी येतो.