डाउट, हेझिटेशन आणि चपलेतला खडा



बँकेत, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत इंग्रजी शब्द आपल्या कानावर पडतात. ‘काही डाउट आहे का?’, ‘हेझिटेट करू नका.’ दोन्ही सारखेच वाटतात, पण त्यांची कुळं वेगळी आहेत. आज त्या कुळांचीच गोष्ट.

‘डाउट’चं मूळ लॅटिन भाषेत. तिथे ‘दुओ’ म्हणजे दोन. आपल्या ‘द्विधा’सारखंच! मन दोन वाटांवर उभं, खरं कोणतं ते कळत नाही. 1066 साली फ्रान्सच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांचे फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. हा त्यातलाच एक. तेव्हा त्याचा अर्थ ‘भिणं’ असाही होता. त्यात ‘बी’ अक्षरही नव्हतं. लॅटिन शिकलेल्या लोकांनी ते मागाहून घातलं. म्हणून ते लिहायचं, पण बोलायचं नाही. स्पेलिंग चुकणाऱ्या लेकीला हे जरूर सांगा.

‘हेझिटेट’ हाही लॅटिनमधलाच, पण त्याचं मूळ आहे ‘चिकटून राहणं’. चिखलात पाय रुतावा तसं. वाट ठाऊक आहे, पाऊल मात्र उचलत नाही. आपण त्याला कचरणं म्हणतो, संकोच म्हणतो.

तिसरा शब्द ‘स्क्रूपल’. लॅटिनमध्ये तो म्हणजे बारीक, टोकदार खडा. चपलेत खडा गेला की चालता येतं, पण टोचत राहतं. ‘हे करणं बरोबर नाही’ असं मनाला टोचतं, तो स्क्रूपल. जुने औषधविक्रेते एका छोट्या वजनालाही हेच नाव देत. ते वजन होतं साधारण सव्वा ग्रॅमचं.

आपली मराठीही हा भेद जपते. शंका विचारतात, संशय घेतात, संकोच बाळगतात. भारतात ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे ‘मला एक विचारायचंय’. इंग्लंडच्या माणसाला मात्र त्यात अविश्वास ऐकू येतो.

हा भेद आपल्या गटात फार कामाचा आहे. समजा, कर्जाच्या कागदावर सही करताना एखादीचा हात थांबला. तिला संकोच वाटत असेल, तर शेजारी बसून धीर द्यावा. व्याजाबद्दल शंका असेल, तर नुसता धीर देऊन भागणार नाही, हिशोब मांडून दाखवावा लागेल. आणि ‘कर्ज माझ्या नावावर, पैसा दुसऱ्याच्या हातात’ हा खडा टोचत असेल, तर सही थांबवणंच योग्य. तिन्ही वेळा आपण ‘अगं, घाबरतेस काय, कर सही’ एवढंच म्हणालो, तर हप्ते तिला फेडावे लागतात.

म्हणून पुढच्या बैठकीत कुणी गप्प राहिली, तर आधी विचारा: बाई, पाय रुतलाय, वाटा दोन दिसतायत, की खडा टोचतोय?