पंचवटीची लंका आणि कोसंबींचे सिंहल

पंचवटीपासून लंका किती दूर, हा प्रश्न नाशिककरांना कधी पडला नाही. सीतागुंफेपाशी सुरू झालेली कथा जिथे जाऊन संपते ते ठिकाण म्हणजे लंका, एवढी ओळख पुरेशी होती. एकनाथांच्या ‘भावार्थरामायणा’ने आणि त्यानंतरच्या कीर्तनपरंपरेने ही सोन्याची नगरी मराठी मनात इतकी पक्की वसवली की तिला भूगोल असण्याची गरजच उरली नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ हा मूकपट केला, तेव्हा त्यांचा चित्रपटव्यवसाय नाशिकमध्येच होता. सीताहरण जिथे घडले असे लोक मानतात, त्याच गावाने लंकेला पडद्यावरचे रूप दिले. ह्याच जिल्ह्यातील भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांना १९११ साली अंदमानात नेण्यात आले आणि ‘माझी जन्मठेप’ (१९२७) ह्या ग्रंथाने मराठी वाचकाला दुसरे बेट दिले. एक बेट जाळायचे, दुसरे सोसायचे. समुद्रापलीकडचे बेट हे काही शिकण्यासाठी जाण्याचे ठिकाण असू शकते, ही कल्पना ह्या दोन्ही प्रतिमांत बसत नाही.

ती कल्पना ज्या मराठी पुस्तकात प्रत्यक्ष जगलेली दिसते, ते म्हणजे धर्मानंद दामोदर कोसंबी ह्यांचे ‘निवेदन’ (१९२४). मराठी समीक्षेने ह्या ग्रंथाची गणना आत्मचरित्रांत केली आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातील मोठा भाग प्रवासाचा आहे आणि त्या प्रवासातील सिंहलद्वीपाचा टप्पा प्रवासवर्णनाच्या इतिहासात जवळजवळ बेदखल राहिला आहे. ही उपेक्षा केवळ योगायोगाची नव्हे. प्रवासवर्णनाकडून आपण काय मागत आलो, ह्याच्याशी तिचा संबंध आहे.

कोसंबींचा जन्म १८७६ साली गोव्यातील सांखवाळ ह्या गावी झाला. शाळेचे शिक्षण जेमतेम. ‘बालबोधमेवा’ ह्या मुलांसाठी निघणाऱ्या मासिकातील बुद्धचरित्रपर मजकूर त्यांच्या वाचनात आला आणि त्या लहानशा वाचनाने त्यांच्या मनात घर केले. १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी ह्यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट, पुढे ग्वाल्हेर, काशीत अन्नछत्रात जेवून केलेले संस्कृताचे अध्ययन, १९०२ च्या आरंभी नेपाळ, तेथे पदरी पडलेली निराशा, मग बुद्धगया आणि कलकत्ता. तेथून दक्षिणेला उतरून त्याच वर्षी, वयाच्या पंचविशीत, त्यांनी प्रथमच भारताबाहेरच्या बेटावर पाऊल ठेवले. कोलंबोतील विद्योदय परिवेणात हिक्कडुवे श्रीसुमंगल महास्थविरांच्या हाताखाली ते पाली शिकले आणि तेथेच त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली. हा मुक्काम सुमारे वर्षभराचा.

एवढा प्रवास केलेल्या माणसाकडून आजच्या वाचकाची अपेक्षा काय असते? अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) ह्या पुस्तकापासून मराठी प्रवासवर्णनाने लघुनिबंधाचे वळण घेतले. गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९) आणि पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ (१९६०) व ‘पूर्वरंग’ (१९६३) ह्या पुस्तकांनी ते वळण दृढ केले. लेखकाचे व्यक्तिमत्त्व, त्याची टिपणारी नजर, स्थळाची अपूर्वता आणि त्या अपूर्वतेने उठणारे तरंग हे निकष त्यातून घडले व समीक्षेने ते मागील वाङ्मयालाही बिनदिक्कत लावले. ह्या निकषांवर कोसंबींची सिंहलविषयक पृष्ठे रुक्ष ठरतात. समुद्राची वर्णने नाहीत, सूर्यास्त नाहीत, रामायणातील लंकेच्या खुणा शोधण्याची हौस नाही. पण जी गोष्ट मागितली त्या गोष्टीचा अभाव मोजून एखाद्या संहितेचे मूल्य ठरवणे हे समीक्षेचे काम नव्हे. अभाव का आहे, हे विचारणे मात्र आहे.

पहिले कारण अगदी साधे आहे आणि कदाचित म्हणूनच ते कोणी फारसे नोंदवलेले दिसत नाही. कोसंबी गोव्याचे होते. झुआरीकाठच्या माणसाला माड, आंबा-फणस, लाल माती, भातखाचरे आणि कोसळणारा पाऊस ह्यांत नवल ते काय? उष्णकटिबंधीय बेट म्हणून युरोपीय प्रवासी ज्या सृष्टीपुढे थक्क होत, ती कोसंबींच्या अंगणातली होती. एडवर्ड सैदच्या ‘ओरिएंटॅलिझम’ (१९७८) नंतर पौर्वात्य प्रदेशाकडे पाहणाऱ्या पाश्चात्त्य नजरेची पुष्कळ चिकित्सा झाली. पण एका वसाहतीतला माणूस दुसऱ्या वसाहतीत जातो, पोर्तुगीज गोव्यातून निघून ब्रिटिश सिलोनमध्ये उतरतो, तेव्हा कोणती नजर काम करते, ह्या प्रश्नाला ती चिकित्सा पुरी पडत नाही. तेथे पाहणारा आणि पाहिले जाणारे ह्यांच्यात सत्तेचे अंतर नाही. निसर्गाचे तर मुळीच नाही. (नारळाचे म्हणाल तर तो नाशिकच्या दगडावरही आहे. नहपानाचा जावई उषवदात ह्याच्या नाशिक येथील लेखात बत्तीस हजार नारळीच्या झाडांच्या दानाचा उल्लेख येतो, आणि त्याच संदर्भात गोवर्धन व शूर्पारक ही नावेही येतात.)

मग कोसंबींना अपूर्व काय होते? ह्याचे उत्तर नाशिकमध्ये बसून अधिक स्पष्ट दिसते. पंचवटीपासून काही मैलांवर त्रिरश्मी डोंगर आहे. त्याच्या पोटात सातवाहन-क्षत्रपकाळातील बौद्ध लेणी आहेत. गौतमी बलश्रीने भद्रायणीय भिक्षूंना लेणे दान दिल्याचा लेख तेथे आहे. परंतु शतकानुशतके लोक त्यांना ‘पांडवलेणी’ म्हणत आले. भिक्षू गेले, त्यांची आठवण गेली आणि रिकाम्या खोल्या पांडवांच्या नावावर चढल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी माणसाला बौद्ध धर्म भेटत होता तो अशा दगडांत, पुराणवस्तुसंशोधकांच्या वृत्तांतांत, किंवा कृष्णराव अर्जुन केळुसकरांच्या बुद्धचरित्रासारख्या (१८९८) ग्रंथांत. चालता-बोलता, सकाळी भिक्षापात्र घेऊन निघणारा, मध्याह्नानंतर न जेवणारा, शिष्याला सूत्र पाठ करायला लावणारा भिक्षू त्याने पाहिलेला नव्हता. कोसंबींनी तो कोलंबोत पाहिला. १८७३ साली स्थापन झालेले विद्योदय परिवेण हे भग्नावशेष नव्हते; ती चालू शाळा होती. मराठी प्रवाशाच्या दृष्टीने ह्या बेटावरची सर्वांत मोठी अपूर्वता हीच: जे आपल्याकडे लेण्यांत संपले होते, ते तेथे वर्गात शिकवले जात होते. अशा अपूर्वतेचे वर्णन उपमांनी होत नाही. ते धड्यांनी होते, आणि ‘निवेदना’चा सूर म्हणूनच धडे घेणाऱ्याचा आहे.

दुसरी गोष्ट अन्नाची. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढे वादळ उठले आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला कसे सामोरे जावे लागले, हे सर्वज्ञात आहे. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी एक सारस्वत तरुण समुद्र ओलांडतो आणि संघाच्या अन्नावर राहू लागतो. काशीच्या छत्रात अन्न मिळत होते ते ब्राह्मणत्वाच्या आधारावर. येथे मिळत होते ते चीवराच्या आधारावर. दोन्ही ठिकाणी विद्यार्थी परान्नावरच जगत होता, पण त्या अन्नाचा अर्थ समुद्र ओलांडताच पालटला. तत्त्वज्ञानाने जो बदल सांगायला ग्रंथ लागले असते, तो पोटाच्या वाटेने झाला. आणि पोटानेच पुढे तक्रारही केली. तेथील आहार त्यांना मानवला नाही, प्रकृती ढासळली, आणि वर्षभरात ते बेट सोडून मद्रासकडे परतले. तेथून पुढे ब्रह्मदेशाची वाट धरली. ‘निवेदना’चा प्रामाणिकपणा येथे विशेष जाणवतो. ज्या भूमीचा ध्यास घेतला ती भूमी शरीराला झेपली नाही, हे सांगताना भक्तीचा मुलामा चढवलेला नाही आणि निराशेचा आवही आणलेला नाही. नेपाळात मन विटले होते; सिंहलात शरीर हरले. ह्या दोन अपयशांतला फरक त्यांनी शांतपणे तसाच राहू दिला आहे.

तिसरी आणि वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट लिपीची आहे. काशीत घोकलेले संस्कृत पाली शिकताना उपयोगी पडले. परंतु पाली ग्रंथ देवनागरीत जवळजवळ उपलब्धच नव्हते. ते होते सिंहली, ब्रह्मी, सयामी लिप्यांत, किंवा लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने छापलेल्या रोमन लिपीत. ताडपत्रावर लिहिता लिहिता वाटोळी झालेली सिंहली अक्षरे हे कोसंबींच्या दृष्टीने त्या बेटाचे खरे भूदृश्य होते असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्या वळणांतून वाट काढल्याशिवाय बुद्धवचनापर्यंत पोहोचता येत नव्हते. प्रवासवर्णनाचा एक अर्थ परक्या प्रदेशाचे आपल्या भाषेत केलेले भाषांतर असा घेतला, तर कोसंबींचे सिंहलवर्णन ‘निवेदना’च्या काही पृष्ठांपुरते मर्यादित राहत नाही. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ (१९१०), ‘बुद्धलीलासारसंग्रह’ (१९१४), ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) आणि भारतीय विद्या भवनाने १९४० साली प्रसिद्ध केलेली ‘विसुद्धिमग्गा’ची देवनागरी आवृत्ती हा त्याचाच विस्तार ठरतो. अनुराधपुराच्या महाविहारात बुद्धघोषाने रचलेला हा ग्रंथ पंधरा शतकांनी मुंबईत देवनागरी अक्षरांत उभा राहिला. प्रवाशाने परत येताना काय आणले, असे विचारले तर बोट ठेवायचे ते ह्या पुस्तकावर.

अर्थात सिंहलाची स्वतःची कथाही निरागस नाही. ‘महावंसा’नुसार विजय हा राजपुत्र लंकेत उतरण्यापूर्वी त्याचे जहाज शूर्पारकास, म्हणजे आपल्या सोपाऱ्यास लागले होते, साथीदारांच्या दांडगाईमुळे त्याला तेथून निघावे लागले. त्याच ग्रंथात तिसऱ्या संगीतीनंतर धर्मप्रसारासाठी पाठवलेल्या स्थविरांची यादी येते. महारठ्ठास महाधम्मरक्खित, अपरान्तास योनक धम्मरक्खित, लंकेस महिंद. महाराष्ट्र, कोकण आणि लंका ह्यांची नावे एका यादीत आहेत, ही बाब मराठी वाचकाला थरारून सोडणारी खरी. पण ती यादी बेटाचे निवडलेपण सिद्ध करणाऱ्या इतिवृत्तातली आहे, हेही विसरता येत नाही. संघाच्या बाबतीतही तेच. सिंहलातील सियाम निकायात उपसंपदा गोविगम जातीपुरती मर्यादित झाली होती आणि तिच्याविरुद्धच्या असंतोषातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमरपूर निकाय निघाला. सुमंगल महास्थविर सियाम निकायाचेच होते. जातीपासून सुटका शोधणाऱ्याला जात तेथेही भेटू शकत होती. कोसंबींची पुढील ग्रंथरचना पाहता हे बेट त्यांनी डोळे झाकून स्वीकारले नाही, हे उघड आहे. ‘भगवान बुद्ध’मध्ये ते चमत्कारकथा बाजूला सारतात, प्राचीन सुत्ते आणि मागाहून आलेली भर ह्यांत भेद करतात. विद्योदयाने त्यांना पाठ दिला. पाठावरचा निकाल त्यांनी स्वतः दिला.

तो निकाल त्यांना मराठीतच द्यायचा होता. कलकत्त्यातील अध्यापनाची जागा सोडून ते सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा ५० रुपयांच्या वेतनावर आले, ते ह्या भागात राहून काम करता यावे म्हणून. १९१२ ते १९१८ ह्या काळात त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. ज्यांच्यासाठी हे ज्ञान निकडीचे ठरणार होते ते वाचक मात्र अजून पुढे यायचे होते. काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी ह्याच जिल्ह्यातील येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. १९५० साली तेही सिंहलात गेले. कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेला उपस्थित राहिले. कोसंबी तेथे एकटे विद्यार्थी म्हणून उतरले होते आणि आंबेडकर एका समाजाचा प्रश्न घेऊन, म्हणून दोघांना दिसलेले बेट एक असणे शक्य नव्हते. पंचवटीच्या रामाचे दार बंद राहिले होते. रावणाची म्हणून सांगितलेल्या भूमीत ह्या दोघांनीही बुद्ध शोधला, आणि कीर्तनातल्या लंकेला ह्या शोधात कुठेच जागा नव्हती.

२०२३ च्या ऑक्टोबरात अनुराधपुराच्या महाबोधिवृक्षाचे रोप श्रीलंकेतून नाशिकला आणण्यात आले आणि त्रिरश्मीच्या पायथ्याशी, बुद्धस्मारकाच्या आवारात लावले गेले. वर डोंगरातल्या लेण्यांना बरेच लोक अजूनही पांडवलेणीच म्हणतात.