कार्डिनलची न्हाणी

गेल्या वैशाखात आमच्या जुन्या घराची न्हाणी पाडून नवी बांधायला काढली. मुलाबरोबर फरशीच्या दुकानात गेलो, तर दुकानदार अर्धे कन्नडमध्ये, अर्धे मराठीत बोलत टाइल्सचे नमुने मांडू लागला; धबधबे, डॉल्फिन, सूर्यास्त, गलबते. मुलगा म्हणाला, "बाबा, वरची न्हाणी तुमच्या एकट्याची. भिंतीवर काय हवं ते तुम्हीच ठरवा." तीस वर्षे इतिहास शिकवला, पण पुरुषाने आपल्या न्हाणीच्या भिंतीवर काय लावावे, हे मला कुणी विचारले नव्हते. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

प्रश्न जुना आहे, वाचकहो. रोमजवळच्या ओस्तिया या प्राचीन बंदरात 'सात ऋषींचे स्नानगृह' आहे. त्यातल्या एका खोलीत, इ. स. १०० च्या सुमारास, कुणीतरी ग्रीक तत्त्ववेत्ते रंगवून घेतले : सोलोन, थेलिस, खिलोन, बियास. प्रत्येकाजवळ उपदेश लिहिलेला. उपदेश नीतीचा नव्हे, कोठा साफ करण्याचा! एक पोट चोळायची युक्ती सांगतो, थेलिस जोर लावायला सांगतो, आणि खिलोनने दिलेले शिक्षण तर दिवाळी अंकात लिहिता येत नाही. ही खोली मुळात मद्याची दुकानदारी होती असे मानतात. पुढे ती स्नानगृहात गेली. बदली तासाला भूमिती शिकवताना थेलिसचे नाव आले की मला ही भिंत आठवते आणि मी फळ्याकडे तोंड करतो.

पण ती चारचौघांची भिंत, चारचौघांचा विनोद. एकट्या पुरुषाच्या न्हाणीचे उदाहरण हवे असेल तर व्हॅटिकनमध्ये जावे लागते.

बेर्नार्दो दोविझी दा बिबिएना हा पोप दहावा लिओ याचा विश्वासू माणूस. १५१३ साली तो कार्डिनल झाला, आणि त्याच वर्षी त्याने लिहिलेले 'कालांद्रिया' हे हास्यनाटक उर्बिनो येथे रंगभूमीवर आले. म्हणजे गृहस्थ रंगेल नसला तरी रसिक खासच. पोपच्या राजवाड्यातल्या आपल्या निवासात त्याने गरम पाण्याची छोटी न्हाणी करून घेतली. लांबीरुंदी जेमतेम अडीच-अडीच मीटर, म्हणजे आमच्या जुन्या न्हाणीपेक्षा फार मोठी नव्हे. भिंती रंगवण्याचे काम मात्र राफाएलकडे! त्या वेळी राफाएल तेहतीस वर्षांचा, सेंट पीटरच्या मंदिराचे बांधकाम त्याच्याकडे सोपवलेले, आणि हाताखाली मोठी शिष्यशाळा.

१९ एप्रिल १५१६ रोजी पिएत्रो बेंबो या विद्वानाने बिबिएनाला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात निरोप असा, की पाठवलेल्या कथांची चित्रे याच आठवड्यात पुरी होतील, तेव्हा उरलेल्या कथा लिहून पाठवाव्यात असे राफाएल म्हणतो. मला हे पत्र फार मोलाचे वाटते. भिंतीवर काय यावे हे चित्रकाराने नव्हे, घरमालकाने ठरवले, आणि परगावी असतानाही तो ते ठरवत होता.

आणि ठरवले काय? व्हीनस! समुद्रातून जन्मणारी, मदनाबरोबर जलचरांवरून जाणारी, आदोनिसजवळ बसलेली. धर्मगुरूच्या न्हाणीत विवस्त्र देवता, म्हणून आजवर पुष्कळांनी डोळे मिचकावले आहेत. पण चित्रांचा क्रम नीट पाहावा. मदनाचा बाण खुद्द व्हीनसलाच लागला आहे. एका चित्रात ती पायातला काटा काढते आहे. आदोनिस तर मरणारच असतो. प्रेमाच्या देवतेलाच प्रेमाचे दुखणे, हा त्या कथांचा धागा. मला त्यात चवचालपणापेक्षा एकट्या माणसाची समजूत अधिक दिसते. मतभेद असू शकतो.

चित्रांभोवतीची वेलबुट्टीही पाहण्यासारखी. नीरो बादशहाचा 'सुवर्णप्रासाद' मातीत गाडला गेला होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस चित्रकार दोराने आत उतरून मशालीच्या उजेडात त्याची छते पाहू लागले आणि ती तऱ्हा त्यांनी वर आणली. गंमत अशी, की तो प्रासाद गाडला गेला होता त्राजान बादशहाच्या सार्वजनिक स्नानगृहाखाली.

बिबिएनाला ही न्हाणी फार लाभली नाही. १५२० च्या एप्रिलमध्ये राफाएल गेला, नोव्हेंबरमध्ये कार्डिनल. काही चित्रांवरून त्याच काळात छापचित्रे निघाली होती, तेव्हा एकांतातली व्हीनस बाजारात पोचलीच. मूळ भिंतींवरची काही चित्रे पुढे बिघडली, काही गेली. सामान्य प्रवाशाला ती खोली दाखवत नाहीत.

चित्रे नुसत्या ओलीने जात नाहीत. आमच्या न्हाणीत तांब्याच्या बंबावर वडिलांनी एका मल्लाचे चित्र खळीने चिकटवले होते. कॅलेंडरमधून कापलेले, धुराने काळवंडलेले. वडील तरुणपणी तालमीत जात, पुढे कारकुनीत पाठ वाकली. रोज पहाटे पंचा गुंडाळून त्या मल्लासमोर ते पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेत. माझे लग्न ठरले तेव्हा मी नवा एम. ए., नवा शिक्षक. मंडळी येणार, म्हणून मी ते खरवडून काढले आणि वरून चुन्याचा हात दिला. वडील संध्याकाळी न्हाणीत गेले, बाहेर आले, काही बोलले नाहीत. नंतरही कधी बोलले नाहीत.

बऱ्याच वर्षांनी शाळेची सहल घेऊन विजयपूरला गेलो असताना पूर्वेकडच्या कुमटगीला थांबलो. आदिलशाहीतले ते जलमहाल. तलावाचे पाणी उंच चढवून नळ्यांनी आत कारंज्यासारखे उडवण्याची सोय. भिंतींवर सतराव्या शतकातली चित्रे : घोड्यावरून चेंडू खेळणारे स्वार, वाद्ये, टोप्या घातलेले फिरंगी, आणि एकमेकांना भिडलेले दोन मल्ल. रंग पुष्कळ उडाले आहेत, तरी मल्ल ओळखू येतात. मुले पुढे गेली, मी मागे राहिलो. तोवर वडील जाऊन चार वर्षे झाली होती.

आठ दिवसांनी दुकानात जाऊन साध्या पांढऱ्या टाइल्स घेतल्या. बंबाच्या जागी आता गीझर येणार. त्याच्या वर दोन हात भिंत टाइलशिवाय ठेवायला गवंड्याला सांगितले आहे.